मौनीवरचा उतारा

यवतमाळ,
मंगळवार, ९ जून २०२६

चि. सौ. मिताली हिस,

बाबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. यापुढे ‘तुम्हीही तिकडे खुशाल असाल’ असं लिहायची पद्धत आहे. जन्मभर कचेरीत आणि घरी ते वाक्य मी डोळे मिटून लिहीत आलो. आज ते पेनातून उतरत नाही, म्हणून तेवढी जागा सोडून पुढे जातो.

मृग लागला तरी आभाळ कोरडं ठणठणीत आहे. कूलरची मोटर परवा पुन्हा बंद पडली आणि मिस्त्री ‘येतो येतो’ म्हणून अजून येऊनच राहिला आहे. तुझा भाऊराया अनिमेष पुण्याला नीट पोचला. तुझ्या आईनं यंदा लोणचं घातलं नाही. मी भरपूर कैऱ्या आणून ठेवल्या होत्या, त्या टोपलीतच पिवळ्या पडल्या. मी एकदा आठवण केली तर म्हणाली, “तुम्हाला बरं सुचून राहिलं लोणचं.” तेव्हापासून मी त्या टोपलीकडे बघत नाही.

मोबाईल असताना बाबा पत्र काय लिहीत बसला, असं तुला वाटेल. फोन तर मी करतोच. तू “हो बाबा, बरी आहे” म्हणतेस, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटतं. हे हलकं वाटणं वाईट आहे, एवढं मला आता कळलं आहे. म्हणून लिहितो. हे पाकीट तुझ्या सासूबाईंच्या हाती देतो आहे. इंदूबाई उद्या डोळे तपासायला यवतमाळला येणार आहेत, परत जाताना घेऊन जातील. सुनेचं पत्र सासूच्या हाती देणारा मी पहिलाच बाप असेन, पण ते त्यांनीच मागितलं. कसं, ते पुढे लिहितो.

आधी क्षमा मागायची आहे ती त्या रविवारची. धोंड्याच्या दिवशी मी जावयाला, कपिलरावांना, सगळ्यांसमोर हरवलं ते चुकलं.

या वेडाची सुरुवात तुला ठाऊकच आहे. दिवाळीत अनिमेषनं माझ्या मोबाईलवर तो ‘रणपट’ नावाचा पत्त्यांचा खेळ घालून दिला. क्लबात रमी आणि मेंढीकोट खेळून हात घासलेला माणूस मी; मला वाटलं, पोरखेळ आहे. पण प्रत्येक पत्त्याला त्याचं बळ वेगळं, त्याचा गुण वेगळा, आणि आपले पत्ते आपणच निवडून डाव बांधायचा! मी असा गुंतलो की आई म्हणायची, निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, हे बैरागी-तिरंदाजांना लागले. त्यात कपिलरावही खेळतात हे कळलं आणि मला आणखी चेव आला. संध्याकाळी दुकानातली गर्दी ओसरली की त्यांचा निरोप यायचा, “मामाजी, होऊन जाऊ द्या एक डाव?” मी चहा घेऊन ओसरीत बसायचो. घाटंजीहून ते, इथून मी.

आणि रोज हरायचो. त्यांच्याकडे तो मौनी होता ना!

तू तो पत्ता पाहिला आहेस, पण मला तो लिहून काढायचा आहे, कारण त्याच्यावाचून पुढचं सांगता येत नाही. दगडासारखा करडा, डोळे मिटलेला जोगी. तो पटावर बसला की समोरच्याच्या एकाही पत्त्याचा गुण चालत नाही. वैद्य ठेवा, तो जखम भरत नाही. तिरंदाज ठेवा, त्याचा बाण सुटत नाही. ठेवलेला पत्ता राखाडी होतो आणि त्याच्या तोंडावर एक बारीक कुलूप दिसतं. आणि खरी मेख पुढे आहे. जेवढे पत्ते तो गप्प करील, तेवढं त्याचं स्वतःचं बळ वाढतं. म्हणजे आपण जितकं चांगलं पान टाकावं तितका तो फुगत जातो आणि शेवटी एका फटक्यात आपला पट साफ करतो.

मी काय नाही करून पाहिलं! तो यायच्या आधीच तिरंदाज पुढे केले. त्यानं आल्या आल्या त्यांची तोंडं बंद केली. चांगले पत्ते हातात दाबून ठेवले. तर हातात दाबलेल्या पत्त्यांनी कोणी लढाई जिंकते का? एकदा माझा सगळ्यात मोठा पत्ता, तो वीज पाडणारा, थेट त्याच्यावर टाकला. वीज पडलीच नाही. कपिलरावांनी हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, “मामाजी, याच्यासमोर कोणाचंच चालत नाही.”

मला त्यांचं कौतुक वाटायचं, मिताली. खोटं कशाला सांगू. लग्न ठरलं तेव्हाही मी हेच सांगत फिरलो होतो की पोरगा सुपारीचं खांड खात नाही, आवाज चढवत नाही, बोलणं कमी अन् काम जास्त. तुझ्या आईनं विचारलं होतं, “फारच कमी बोलतो का हो?” तर मी तिला “मौनं सर्वार्थसाधनम्” ऐकवलं होतं. मोठा विनोद केल्यासारखा हसलो होतो मी.

मग अधिक महिना आला आणि तू चार दिवस आधी आलीस. पहिल्या दुपारी तू आणि आई माजघरात पंख्याखाली सरगुंडे करत बसल्या होत्या. तू काडीवर कणकेची दोरी गुंडाळत होतीस, आणि मी तिथेच खुर्ची ओढून माझं मौनीपुराण लावलं होतं. आई रसाचे आंबे बघायला आत गेली तेव्हा तू वर न बघता म्हणालीस, “बाबा, तुम्ही बोलके पत्ते टाकता म्हणून हरता.”

मी विचारलं, “म्हणजे?”

“ज्याच्याजवळ काही गुणच नाही त्याचं तो काय बंद करीन? भिश्ती टाका, हमाल टाका, बैल टाका. ज्याला बोलताच येत नाही असे टाका. मग तो वाढत नाही. जेवढा आहे तेवढाच राहते.”

मी अक्षरशः मांडीवर थाप मारली. भिश्ती, हमाल, बैल, लाकूडतोड्या हे सगळे बिनगुणी पत्ते. खेळात शिरल्या शिरल्या फुकट मिळतात आणि दुसऱ्याच दिवशी जो तो डावातून काढून टाकतो. अर्ध्या मुलखाला पुरून उरलेल्या जोग्यावर भिश्ती आणि बैल हा उतारा असेल, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

त्या संध्याकाळी मी माझा सगळा डाव मोडला. वैद्य काढला, वीज काढली, चेटकीण काढली. त्यांच्या जागी सगळी मुकी माणसं आणि जनावरं भरली. आणि धोंड्याच्या दिवसाची वाट पाहत बसलो. इथेच मी चुकलो. वीस जणांच्या डोळ्यांसमोर जिंकायची हाव सुटली मला.

रविवार तुला आठवतच असेल, पण माझ्या बाजूनं सांगतो. सकाळी आम्ही दोघांनी कपिलरावांचे पाय धुतले, औक्षण केलं, ताम्हनात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण दिलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. दुपारी पुरणाचे धोंडे, सरगुंडे, रस, वर तुपाची धार. आणि जेवणं झाल्यावर अनिमेषनं मोबाईल टीव्हीला जोडला. शेजारचे डोमाजी सहकुटुंब आले होते, तुझी मावशी होती, सगळी मंडळी टेकून बसली. ज्या जावयाचे सकाळी पाय धुतले त्याला दुपारी हरवायचं नसतं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. माझे वडील माझ्या मेहुण्याशी बुद्धिबळ खेळायचे तेव्हा स्वतःचा वजीर उचलून त्याच्या तोंडात द्यायचे. तुझी आई दारातून मला डोळ्यांनी खुणावून खुणावून थकली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

कपिलरावांनी मौनी बसवला. डोमाजी म्हणाले, “झालं, साहेबाची वाचा गेली.” मी भिश्ती टाकला. सगळे हसले. मी हमाल टाकला. आणखी हसले. मग बैल टाकला आणि कपिलराव टेकले होते ते ताठ बसले, कारण मौनीचं बळ तिथल्या तिथंच होतं. त्याला खायलाच काही मिळत नव्हतं. त्यानं एक भिश्ती मारला, मी दुसरा ठेवला. माझी मुकी पलटण हळूहळू त्याला एकेक टोला देत राहिली. शेवटी लाकूडतोड्यानं तो घाव घातला आणि तो दगडी जोगी मधोमध तडकून पटावरून नाहीसा झाला. अनिमेषनं शिट्टी मारली, डोमाजींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी उभा राहून ओरडलो, “जावईबुवा, तुमच्या मौनीचं औषध तुमच्याच घरात निघालं! आमच्या मितालीनं सांगितलं. याला काही बोलायचंच नाही, पाच-सात दिवसांत आपोआप थकतो!”

सगळे खो खो हसले. कपिलराव हसले नाहीत. तूही नाहीस. तुझ्या हातात रिकाम्या वाट्या होत्या आणि तू होतीस तिथेच उभी राहिलीस. कपिलराव “बरं” एवढंच म्हणाले आणि मोबाईल खिशात घातला. तो ‘बरं’ त्यांचा त्या दिवशीचा आमच्या घरातला शेवटचा शब्द. चहा नको म्हणून मान हलवली, आईच्या पाया पडले तेही न बोलता. ऊन उतरायच्या आत तुमची गाडी निघाली.

मी आईला म्हणालो, “खेळात हरले तर एवढं रुसायचं? पोरवयाचे आहेत अजून.” आई भांडी आवरत होती. ती आवरतच राहिली.

दोन दिवसांनी मी कपिलरावांना माफीचं पत्र लिहिलं. चांगलं पानभर. मानी जावयाचा भर बैठकीत पाणउतारा झाला, वडीलधाऱ्या माणसाकडून पोरकटपणा घडला, मोठ्या मनानं पोटात घालावं, वगैरे. अशी पत्रं लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आईला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, “माफी कोणाची मागून राहिले तुम्ही?”

मी म्हटलं, “कपिलरावांची. का?”

“खेळात दिवस असतात का हो?”

मला कळलं नाही. किंवा कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं.

“तुमच्या त्या खेळात चाली असतात ना? चहा थंड व्हायच्या आत डाव संपतो तुमचा. मग ‘पाच-सात दिवसांत थकतो’ हे कुठून आणलं तुम्ही?”

मिताली, मघाशी मी तुझं बोलणं अर्धंच लिहिलं. वर जाऊन पुन्हा वाचून पाहिलं. किती सफाईनं मी ते तोडलं आहे! ‘जेवढा आहे तेवढाच राहते’ इथपर्यंत लिहिलं आणि पुढे लगेच माझी थाप. मध्ये काय होतं ते आता लिहितो. तुला ते पाठ असेल. पण मलाही आहे, हे तुला कळायला हवं.

तू म्हणाली होतीस, “मी आधी खूप बोलायची, बाबा. काय चुकलं म्हणून विचारायची. रडायची. भांडायची. चूक नसताना माफी मागायची. जेवढं बोललं तेवढा त्याचा अबोला अजून लंबा जाते. एकदा तर पूर्ण पंधरा दिवस. आता मी काहीच नाही म्हणत. ताट वाढलं, पाणी ठेवलं, दुकानाची किल्ली दिली. बाईनं नाही, भांड्यानं वागल्यासारखं वागते. मग पाच-सात दिवसांत थकतो तो.”

काडीवरची कणीक तुटली होती आणि तू ती पुन्हा जोडत होतीस. तू वर पाहिलंस. वाट पाहिलीस. मी काय बोललो? मी म्हणालो, “म्हणजे बैल दोन घेऊ की तीन?”

मी ऐकलं होतं. मला ऐकू कमी येतं असं मी क्लबात सांगतो, ते वर्गणी मागायला येणाऱ्यांसाठी. तुझा शब्द न् शब्द मी ऐकला होता. पण ते विचारलं असतं तर पुढे काय काय करावं लागलं असतं! धोंड्याचं आमंत्रण गेलेलं, चांदीचं ताम्हण आणलेलं, मावशीला बोलावलेलं. पत्त्याचं विचारणं सोपं होतं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. तू पत्त्याला बोललीस ते बापाला लागायला हवं होतं, आणि मी त्यातून बैल तेवढे उचलले.

शिवाय ते बैल वापरून मी टाळ्या घेतल्या. तू स्वतःच्या जिवावर सोसून शोधलेला उतारा मी टीव्हीवर खेळलो आणि मग शत्रूलाच मोठ्यानं सांगून टाकला. कपिलरावांना शत्रू म्हणताना हात अडखळतो. दुसरा शब्द सुचेपर्यंत तो राहू दे. आता तुझ्याकडे तोही उतारा उरला नाही. तू गप्प राहिलीस तरी त्यांना कळेल की ही आपल्याला थकवायला गप्प आहे. लाज वाटते म्हणणं फार थोडं झालं. मला आरशासमोर दाढी करवत नाही.

आणखी एक. त्या दिवाळीपासूनच्या संध्याकाळी. “मामाजी, होऊन जाऊ द्या एक डाव.” हसरी तोंडं, फुलं, टाळ्यांची चित्रं. त्यांतल्या किती संध्याकाळी ते तुझ्याशी बोलत नव्हते? मी इथे ओसरीत बसून माझ्या गप्पिष्ट जावयाचं कौतुक करत होतो आणि तिथे तू पाण्याचा तांब्या ठेवून परत जात होतीस. हे मला तुझ्या सासूबाईंचा फोन येईपर्यंत सुचलं नव्हतं.

काल दुपारी इंदूबाईंचा फोन आला. विहीणबाईंनी आपणहून फोन केला असं कधी होत नाही. मला वाटलं, कोणी आजारी आहे. हवापाण्याचं एक अक्षर न बोलता त्या म्हणाल्या, “याहीबुवा, सूनबाई अन्न चिवडून राह्यली. पोट्टा घरात येते अन् जाते, तोंडातून सबद काढत नाही. डबा बी दुकानातच बलावते. काय झालं तुमच्याकडं?”

मी पत्त्यांचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “पत्त्याचं राहू द्या. हे पत्त्यानं झालं नाही. याचा बाप मले असाच वागवे. एकडाव तं दिवाळीपासून होळीपावतर बोलले नाही माह्याशी. मले वाटे बाईच्या जातीले असंच राहते. पोट्ट्यानं तेच पाह्यलं, तेच शिकला. मी त्याले कधी टोकलं नाही, हे माह्यं चुकलं. ते तं गेले, आता कोणाले सांगू? काल मी त्याले म्हटलं, बाप्पा, तू तुह्या बापावानी नोको होऊ. तं उठून गेला.” मग त्यांनी विचारलं, “तुमाले ठाऊक होतं का, याहीबुवा?”

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण ज्या बाईनं आत्ताच स्वतःचं सगळं उघडं केलं तिच्यापुढे जीभ वळली नाही. मी “हो” म्हणालो.

“मंग काहून धाडली तिले?”

मी चाचरलो, तर म्हणाल्या, “मले नोका सांगू, तिले लिहून द्या. परवा डोळे दाखवाले येतो, तवा नेतो.” म्हणून ते उत्तर तुलाच देतो. या पत्रात मी कूलरपासून बैलापर्यंत सगळं लिहिलं, ते हे लिहायला लागू नये म्हणून.

त्या रविवारी गाडीत सामान भरत असताना तू स्वयंपाकघरात आली होतीस. मी माठातून पाणी घेत होतो. तू म्हणालीस, “बाबा, मी दोन दिवस राहू का?” रडत नव्हतीस. अगदी साध्या आवाजात, लहानपणी ‘अजून एक आंबा घेऊ का’ विचारायचीस तसं. आणि मी म्हणालो, “धोंड्याच्या दिवशी जावई एकटा परत जाणं बरं दिसत नाही गं.”

तू “हो” म्हणालीस. अनारशांचा डबा उचललास. फाटकाशी तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी फाटकाची कडी नीट बसते की नाही ते बघत होतो. कडी चांगली आहे. तिला काही झालेलं नाही. तुझ्याकडे बघायला लागू नये म्हणून बघत होतो. “पोचल्यावर फोन कर,” म्हणालो, आणि तू पोचल्यावर फोन केलास.

कोणाला बरं दिसत नव्हतं, ते आठ दिवस शोधतो आहे. डोमाजींना? ते तर घरी जाऊन झोपले होते. मौनी बसवायला समोर कपिलरावच लागतात असं नाही. त्यांनी “बरं” म्हटलं आणि या घरातल्या सगळ्यात बोलघेवड्या माणसाच्या तोंडावर कुलूप पडलं. ते मीच लावून घेतलं.

तू लहान असताना स्कूटरवर माझ्यापुढे उभी राहायचीस आणि दत्त चौकापासून घरापर्यंत दुकानांच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचायचीस. एखादी पाटी मधे सुटली तर स्कूटर वळवायला लावायचीस. मी वैतागून म्हणायचो, “मिताली, जरा गप्प बस गं, आई!” ते मागे घेतो. डाव जिंकायला बैल आणि भिश्ती ठीक आहेत. पण त्यांच्यासाठी मी माझा वैद्य, माझी वीज, सगळे बोलके पत्ते बाहेर काढून ठेवले होते, हे मला डाव संपल्यावर दिसलं. तूही तेच केलं आहेस, आणि तुझा डाव संध्याकाळी संपत नाही.

आता काय करणार ते लिहितो. कपिलरावांचं माफीपत्र मी फाडलं. गुरुवारी सकाळच्या बसनं घाटंजीला येतो. आधी घरी येणार नाही. दुकानात जाईन आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसेन. बियाण्याची घाई आहे, गर्दी असेल, असू दे. मी जावयाशी भांडायला येत नाही आणि पाय धुवायलाही येत नाही. त्यांना सांगेन की तुम्ही माझ्या मुलीशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे, मला ते चालत नाही, आणि आता तुमच्या आईलाही चालत नाही. ते “बरं” म्हणतील, किंवा तेही म्हणणार नाहीत. मी बसून राहीन आणि बोलत राहीन. माझ्याजवळ दुसरा काही गुण नाही. कचेरीतही नव्हता.

मग घरी येईन. तू यायचं म्हटलंस तर परतीच्या बसनं दोघं येऊ. दोन दिवस म्हणशील तर दोन दिवस, वर्ष म्हणशील तर वर्ष. नाही म्हटलंस तर मी एकटा परत येईन आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन. तू काय करायचं ते मी सांगणार नाही. मागे सांगितलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं.

मला भीती वाटते हेही लिहून ठेवतो. कपिलरावांची नाही. तिथे पोचल्यावर मी पुन्हा पावसाचं, बियाण्याचं, कूलरचं बोलत बसेन, याची. तसं व्हायला लागलं तर मला मधेच तोड. सगळ्यांसमोर तोड. मोठ्यानं बोल, मिताली.

पाकिटात फाटकाची आणि पुढच्या दाराची किल्ली आहे. आजच करून आणली, तुझ्या नावची. पत्रात किल्ली घालणार आहे, चालेल का, असं इंदूबाईंना सकाळी फोनवर विचारलं. कुठली किल्ली, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “द्या. मीच तिच्या हातात देतो.”

त्या दिवशी तुला ‘रहा’ म्हणायचं राहिलं, ते आज म्हणतो. बरं दिसो, न दिसो.

तुझा,
बाबा